तुमचे प्रश्न: रजिस्टरमधल्या आकड्यांचं पुढे होतं काय?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की सरकारी दवाखान्यात रोज जी माहिती भरली जाते, ज्याला सगळे एचएमआयएस म्हणतात, त्याबद्दल काय विचारायचंय ते कळवा. पत्रं बहुतेक नोकरीतल्या लोकांची आली, त्यामुळे नावं देत नाही. जागा कमी आहे, म्हणून काही प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. आरसीएच रजिस्टर (माता-बालकांच्या नोंदींचं), लसीकरणाची टॅली शीट, महिन्याचा रिपोर्ट आणि परत तेच सगळं मोबाईलवर. रात्री जेवणं झाल्यावर एंट्री करत बसते. याचं वर नक्की होतं काय? (नांदेड जिल्हा)

ताई, आधी हा आकडा कुठून कुठे जातो ते सांगते. तुमचा महिन्याचा रिपोर्ट पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जातो, तिथे एंट्री होते, मग तालुका, जिल्हा, राज्य आणि शेवटी केंद्राचं पोर्टल. हे पोर्टल ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा जिल्ह्याचा एकच एकत्र आकडा भरायचे, त्यामुळे जिल्ह्यातला कुठला कोपरा मागे पडलाय ते वरून कुणालाच दिसायचं नाही. २०११ च्या सुमारास प्रत्येक केंद्राचा रिपोर्ट वेगळा यायला लागला आणि आज देशातली दोन लाखांहून जास्त केंद्रं त्यात माहिती भरतात. म्हणजे तुमचं उपकेंद्र आज तिथे स्वतःची एक ओळ घेऊन आहे. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा, म्हणजे पीआयपी, करताना याच ओळी बघून ठरतं की बाळंतपणाचा लोड कुठे आहे, जास्तीची स्टाफ नर्स कुठे द्यायची, कुठल्या रुग्णालयात नवजात बाळांचं युनिट वाढवायचं. निदान तसं ठरायला पाहिजे, सगळीकडे तसं होत नाही हेही खरंय.

पण या आकड्यांचा सगळ्यात चांगला उपयोग तुमच्याच टेबलावर होऊ शकतो आणि ट्रेनिंगमध्ये नेमकं तेच राहून जातं, फॉर्म कसा भरायचा एवढंच शिकवतात. एक उदाहरण करून बघा. धरा की सहा महिन्यांत तुमच्याकडे पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) याचा पहिला डोस ६० बाळांना दिला आणि तिसरा ४८ बाळांना. साठातून अठ्ठेचाळीस गेले, बारा राहिले, म्हणजे २० टक्के गळती. १० टक्क्यांच्या वर गेली की थांबून बघायचं. आता यातून काय कळतं बघा, पहिल्या डोसला ६० जणी आल्या म्हणजे आईला लसीकरणाचा दिवस माहीत आहे, केंद्रापर्यंत येणंही जमतंय, पण सहाव्या आठवड्याला आलेली बाई चौदाव्या आठवड्याला परत आली नाही. मग कारण वेगळ्या ठिकाणी शोधायचं. पहिल्या डोसनंतर बाळाला ताप आला आणि तो येणार हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं का, पॅरासिटामॉल दिली होती का, सत्राचा वार बाजाराच्या दिवशी येतो का, बाई माहेराहून सासरी गेली का. याउलट पहिलाच डोस कमी असेल तर गोष्ट वेगळी, मग एखादी वाडी, पालं, वीटभट्टी तुमच्या मायक्रोप्लॅनमध्येच, म्हणजे लसीकरण सत्रांच्या आराखड्यातच, नाही असं समजा. आणि तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त आला तर एकतर टॅलीत चूक आहे किंवा बाहेरून मुलं आलीयत. दोनच आकडे, त्यातून तीन वेगळी कामं निघतात. हे करायला कॉम्प्युटर लागत नाही, रजिस्टरच्या शेवटच्या पानावर महिन्याला एक ओळ लिहायची.

अजून एक, रिकामी जागा आणि शून्य यात गल्लत करू नका. शून्य म्हणजे तपासलं आणि कुणी सापडलं नाही. रिकामं म्हणजे माहितीच नाही. सात ग्रॅमखालच्या हिमोग्लोबिनचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या गरोदर बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, त्यात तीव्र रक्तक्षयाच्या थोड्या असल्या तरी आहेतच. मग एखाद्या तालुक्यात सगळ्या गरोदर मातांची एचबी तपासणी १०० टक्के झाल्याचं लिहिलंय आणि सातच्या खाली वर्षभर शून्य, असं दिसलं की मला काळजी वाटते, कारण बहुतेक वेळा तिथे मीटरच्या स्ट्रिप संपलेल्या असतात आणि मागच्या वेळचा आकडा पुढे ओढलेला असतो. स्ट्रिप नाहीत तर तपासणी झाली असं लिहूच नका. तुमच्या त्या खोट्या शून्यामुळे तालुक्याला वाटतं की सगळं ठीक आहे, आणि आयर्न सुक्रोजची, म्हणजे शिरेतून द्यायच्या लोहाची, मागणी करायची गरजच कुणाला वाटत नाही.

प्रश्न: पीएचसीचा मेडिकल ऑफिसर आहे. माझ्या भागातली जवळजवळ सगळी मुलं लस घेतलेली आहेत, मी स्वतः फिरून बघितलंय. तरी रिव्ह्यू मीटिंगमध्ये आमचं कव्हरेज ८२ टक्के म्हणून दाखवतात आणि बोलणी बसतात. (बीड जिल्हा)

डॉक्टर, तुमच्या पत्रात वरचा आकडा दिलाय, ४२५ मुलं पूर्ण लसीकरण झालेली. खालचा आकडा, म्हणजे एकूण मुलं किती धरलीत तो, दिला नाहीत, आणि भांडण सगळं खालच्या आकड्याचं आहे. टार्गेट बहुतेक वेळा असं निघतं की लोकसंख्या घ्यायची, जन्मदराने गुणायचं. उदाहरणार्थ ३० हजार वस्ती आणि हजारी १५ जन्मदर धरला तर वर्षाला ४५० जन्म. आता ही लोकसंख्या कुठली, तर २०११ च्या जनगणनेवरून पुढे वाढवत आणलेली, कारण त्यानंतर जनगणना झालेलीच नाही, पुढची आता २०२७ ची आहे. तुमच्या भागातून माणसं पुणे-संभाजीनगरकडे निघून गेलीत, जन्मदर उतरलाय, पण वरच्या कागदावर तुमची लोकसंख्या वाढतेच आहे. तिथून ५२० मुलांचं टार्गेट आलं की ४२५ चे होतात ८२ टक्के. घरोघरच्या हेडकाउंटमध्ये मुलं ४३० भरली तर तेच ९९ टक्के. शहराजवळच्या पीएचसीत बरोबर उलटं होतं, तिथे नवीन सोसायट्या आणि झोपड्या २०११ च्या हिशोबात नाहीतच, म्हणून कव्हरेज ११५ टक्के येतं आणि त्यांचा सत्कार होतो, आणि त्यांच्याकडची शेकडो मुलं लसीविना आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मला तुमच्या ८२ पेक्षा त्या ११५ ची जास्त भीती वाटते.

तुम्ही बीडचे म्हणजे ऊसतोडीचा विषय आलाच. दिवाळीच्या आसपास टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. गरोदर बाईची नोंदणी तुमच्याकडे, बाळंतपण कारखान्याच्या गावाजवळ, बाळाचा पहिला डोस तिकडे, तिसरा परत इकडे. कागदावर तुमच्याकडे ती गळती म्हणून दिसते, तिकडच्या केंद्राला ती त्यांच्या टार्गेटमधली वाटत नाही, आणि बाई मात्र खरीच आहे, उसाच्या फडात आहे. यावर महिन्याचा एकत्रित रिपोर्ट काही करू शकत नाही, त्यात नावं नसतात. इथे आरसीएच पोर्टलवरचा तिचा आयडी आणि माता-बाल संरक्षण कार्ड कामाला येतं. निघायच्या आधी मुकादमाकडून टोळीची यादी घ्या, त्यात गरोदर किती, दोन वर्षांखालची मुलं किती, कुठल्या कारखान्याला चाललेत हे लिहा आणि त्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला थेट पाठवा, कार्ड बायकांच्या हातात द्या, घरात ट्रंकेत ठेवून जाऊ देऊ नका. आणि मीटिंगला जाताना हेडकाउंटचं रजिस्टर घेऊन जा, दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी शेजारी लिहून. टार्गेट बदलून मिळेलच असं नाही, पण चर्चा तुमच्या कामचुकारपणावरून हिशोबावर येते.

प्रश्न: मी नुकताच सरपंच झालोय. आरोग्य केंद्राची माहिती मला मागता येते का? आणि मिळाली तर त्यात बघायचं काय, आम्हाला यातलं काही कळत नाही. (सांगली जिल्हा)

सरपंच, मागता येते का काय विचारता, उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचे अध्यक्ष तुम्हीच असता, आणि तिथले सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, सचिव. मीटिंग लावा आणि महिन्याचा रिपोर्ट समोर ठेवा म्हणावं. सगळा वाचू नका, दमून जाल. गावातल्या किती बायकांची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत झाली, बाळंतपणं कुठे झाली, किती बाळं अडीच किलोच्या खाली जन्मली, एवढं विचारा. आपल्या पीएचसीत बाळंतपणाची खोली आहे, नर्स आहे आणि तरी वर्षभरात बाळंतपणं नाहीत आणि सगळ्या बायका तालुक्याला खाजगीत जातायत असं दिसलं तर का ते विचारा, रात्री डॉक्टर नसतो का, लाईट जाते का, पाणी नाही का. यातल्या निम्म्या गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातातल्याच असतात.

आणि एक आकडा तुमच्या स्वतःच्या घरातला आहे, तो आरोग्यवाल्यांना विचारायचाच नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची तपासणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, ते कुठलं मिळालं ते काढून बघा. टीसीएलचा (पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा) साठा किती दिवसांचा आहे, पाणी सोडल्यावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी, रोज होते का आणि ती वहीत लिहिली जाते का. आता दुसरीकडे काय चालतं बघा, साथीच्या आजारांची नोंद आयएचआयपी नावाच्या पोर्टलवर होते, एप्रिल २०२१ पासून. गावात फिरणारा कर्मचारी संशयित रुग्ण भरतो, डॉक्टर आपलं निदान भरतो, लॅब आपला रिझल्ट भरते. आधी आठवड्याचा कागद जायचा, आता रोज भरता येतं. एकाच वस्तीतून दोन दिवसांत जुलाबाचे सात-आठ रुग्ण दिसले की तालुक्याची टीम निघते आणि पहिल्यांदा कशाकडे बघते, तर तुमच्या ओटी टेस्टच्या वहीकडे. ती वही कोरी असेल तर पाईपलाईन कुठे फुटली ते शोधण्यात दोन दिवस जातात आणि तोपर्यंत आजारी माणसं वाढतात.

प्रश्न: यात माझं नाव, आजार सगळं सरकारकडे जातं का? आभा कार्ड (डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढलंच पाहिजे का? (पुणे)

महिन्याच्या एचएमआयएस रिपोर्टमध्ये नाव जात नाही, फक्त संख्या जातात. नावानिशी नोंद आरसीएच आणि टीबीच्या निक्षय पोर्टलवर असते, कारण तिथे एकेका माणसाचा पाठपुरावा करायचा असतो. आभा नंबर ऐच्छिक आहे, नाही म्हणून कुणी उपचार नाकारू शकत नाही. आशाताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गरोदर मातांच्या याद्यांचे फोटो फिरतात ते मात्र मला अजिबात पटत नाही, आणि ते बंद करायला कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

प्रश्न: खरं लिहिलं की नोटीस येते. घरी झालेलं बाळंतपण, बाळाचा मृत्यू, काहीही. माझ्या मैत्रिणीला दोन बालमृत्यू लिहिले म्हणून कारणे दाखवा आली, शेजारच्या उपकेंद्रात एकही मृत्यू नाही, त्यांना कुणी विचारत नाही. मग आम्ही का लिहावं? (आरोग्यसेविका, नंदुरबार जिल्हा. असंच पत्र अजून तिघींचं आहे.)

हे पत्र वाचून खूप वाईट वाटलं, आणि यावर लांब लिहिणार आहे.

आपल्या राज्यात हे आधी घडून गेलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ मध्ये सर्च संस्था सुरू केली तेव्हा त्यांनी गावागावात प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायची पद्धत बसवली, गावातल्याच माणसांकडून. मोजल्यावर कळलं की बाळांचे मृत्यू सगळ्यात जास्त पहिल्या महिन्यात होतात, आणि ती बाळं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. मग गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, वजन, ऊब, श्वास, जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावरचं औषध. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावांशी तुलना केली, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाला. ते १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ मध्ये देशभरातल्या आशांच्या कामात घरभेटी आल्या. तुमच्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ बघायला जातात ना, त्याची सुरुवात त्या नोंदवह्यांपासून आहे. तिथे कुणी मृत्यू लपवले असते तर कसल्या घरभेटी आणि कसलं काय.

२००१ च्या आसपास महाराष्ट्रातल्या बऱ्याच संस्थांनी मिळून आदिवासी, ग्रामीण आणि झोपडपट्टी भागात बालमृत्यू मोजले तेव्हा दिसलं की खूप सारे मृत्यू सरकारी नोंदीत आलेलेच नाहीत. नोंदीत नाही म्हणजे त्यासाठी पैसा नाही, माणूस नाही, गाडी नाही. ही साधी गोष्ट आहे, आणि नोटीस काढणाऱ्या साहेबांनाही ती माहीत असते, पण त्यांच्याही वर कुणीतरी तक्ता लाल झाला म्हणून ओरडत असतं.

म्हणून तुम्हाला एकटीला शूर व्हा असं मी म्हणणार नाही, नोकरी तुमची आहे. पण लिहिण्याची एक पद्धत आहे जी थोडं संरक्षण देते. मृत्यूचा नुसता आकडा पाठवू नका, त्याच्यासोबत अर्धं पान जोडा. कळ कधी सुरू झाली, कुणी कधी बघितलं, १०८ ला फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली, कुठल्या दवाखान्याने पुढे पाठवलं, तिथे पोचायला किती वेळ लागला. बालमृत्यू आणि मातामृत्यू अन्वेषण सरकारच्याच नियमात आहे आणि ते दोष कुणाचा हे ठरवायला नाही, उशीर कुठे झाला हे शोधायला आहे. वेळा लिहिलेल्या असल्या की उपकेंद्रावर खापर फोडणं अवघड जातं. आणि जे अधिकारी हे वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती आहे, पुढच्या मीटिंगमध्ये मृत्यू लिहिणाऱ्या सिस्टरला उभं करण्याआधी वर्षभर शून्य लिहिणाऱ्या केंद्राला भेट द्या. पाच हजार वस्तीत वर्षाला सत्तर-पंच्याहत्तर जन्म होतात, एखादं वर्ष शून्य मृत्यूचं जाऊ शकतं, पण सलग चार-पाच वर्षं तालुकाभर शून्यच असेल तर तिथे जाऊनच बघायला हवं.

प्रश्न: खाजगी हॉस्पिटलचे आकडे यात येतात का? नाहीतर अर्ध्या माहितीवर नियोजन कसं करतात? (एमपीएचची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाची विद्यार्थिनी, मुंबई)

थोडे येतात, पुरेसे नाहीत. टीबीचं उदाहरण चांगलं आहे, २०१२ मध्ये टीबीचा पेशंट कळवणं खाजगी डॉक्टरलाही बंधनकारक झालं, निक्षय पोर्टल आलं, आणि पेशंटला आहारासाठी महिन्याला ५०० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून १०००) मिळायला लागले तेव्हा नोंद करण्यात पेशंटचाच फायदा झाला. नोंद करून समोरच्याला काही मिळत असेल तर नोंद होते, हे धोरण करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. वाईट उदाहरण म्हणजे ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रिया. वर्षानुवर्षं त्या शस्त्रक्रिया मुख्यतः खाजगीत होत होत्या आणि दर महिन्याच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये हे ठळक दिसलं नाही. २०१९ मध्ये बातम्या आल्या, ओरड झाली, मग बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर महिलांची खास पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. वय, कारण आणि हॉस्पिटल एवढे तीन रकाने जरी आधीपासून भरले जात असते तरी हे कितीतरी वर्षं आधी कळलं असतं. तुम्ही एमपीएच करताय, प्रबंधाला विषय शोधत असाल तर यावर काम करा, नवीन सर्व्हे करण्याआधी आहेत त्या नोंदी कुठे अडतात ते बघा.

प्रश्न: ग्रामीण रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचं इंजेक्शन, दरवर्षी कमी पडते. मागणी मागच्या वर्षीच्या वापरावरून काढा म्हणतात, तशीच काढतो. (रत्नागिरी जिल्हा)

तिथेच गोची आहे. धरा मागच्या वर्षी २०० व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या) वापरल्या गेल्या, पण जुलै ते सप्टेंबर साठाच नव्हता आणि पेशंट पुढे पाठवले. मग २०० हा नऊ महिन्यांचा वापर झाला, बारा महिन्यांचा साध्या हिशोबाने २६७ होतो, आणि कोकणात पावसाळ्यातच फुरसं आणि घोणस जास्त चावतात म्हणजे खरी गरज त्याहून जास्त. तुम्ही २०० मागितल्या की पुढच्या वर्षी परत तुटवडा, परत वापर कमी दिसणार, परत मागणी कमी. ई-औषधी या औषधसाठ्याच्या सरकारी पोर्टलवर फक्त दिलेलं औषध दिसतं, न देता आलेलं दिसत नाही. म्हणून एक साधी वही ठेवा, साठा संपल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि मधल्या काळात पुढे पाठवलेले सर्पदंशाचे पेशंट. एका पेशंटला सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल लागतात, तेव्हा पाठवलेल्या माणसांवरून हिशोब काढणं सोपं आहे. तुमच्याच कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या पेशंटच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे आला, तेही पीएचसीतूनच सुरू झालं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश नोटिफायेबल करा, म्हणजे प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक करा, असं कळवलंय, त्यामुळे आता पेशंटची नोंद तशीही करायचीच आहे. मागणीपत्रासोबत त्या वहीची झेरॉक्स लावा आणि मे उजाडायच्या आत पाठवा, जूनमध्ये पाठवलेल्या मागणीचा माल ऑगस्टला येतो.